गाडी बोलू लागते तो वेग

गाडीच्या कामगिरीचे आकडे आता पूर्वीइतके काही सांगत नाहीत. 1964 साली विक्रीला आलेल्या पहिल्या पोर्शे 911ला, म्हणजे पुढची साठ वर्षे जिच्या मापाने इतर स्पोर्ट्स कार तोलल्या गेल्या त्या गाडीला, ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला सुमारे नऊ सेकंद लागत असत. आज चाकणला तयार होणारी महिंद्राची बीई 6 ही विजेवर चालणारी, अख्खे कुटुंब आणि त्याचे सामान घेऊन जाणारी गाडी मोठ्या बॅटरीसह हेच काम 6.7 सेकंदांत करते, आणि तेही चालवणाऱ्याकडून कोणत्याही कौशल्याची अपेक्षा न ठेवता. एवढ्यावरून ती गाडी त्या जुन्या 911पेक्षा चालवायला अधिक आनंदाची ठरते, असे कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. मग ज्या गोष्टीसाठी आपण स्पोर्ट्स कारकडे ओढले जातो, ती नेमकी कुठे असते? गेली कित्येक वर्षे सोलापूरच्या रस्त्यांवर आणि क्वचित बाहेरच्या रस्त्यांवर वेगवेगळ्या पिढ्यांच्या गाड्या चालवताना मी या प्रश्नाशी झटत आलो आहे. माझे मत असे बनले आहे की गाडी किती वेगाने जाऊ शकते यापेक्षा ती कोणत्या वेगाला बोलू लागते, हे तपासले पाहिजे.

बोलणे म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करतो. वळणावर टायर ज्या दिशेला रोखलेला असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेने पुढे सरकतो, त्या दोहोंत एक लहानसा कोन पडतो. रस्त्याला टेकलेला रबराचा भाग त्यामुळे पिळला जातो, आणि त्या पिळातून चाक पुन्हा सरळ व्हायला धडपडते. ती धडपड स्टिअरिंगच्या जडपणाच्या रूपाने हाताला कळते. वळणातला वेग वाढवत नेला की हा जडपणा वाढत जातो. परंतु पकड पूर्ण संपण्याच्या किंचित आधी, टेकलेल्या भागाची मागची बाजू घसरू लागल्यावर, तो उलट कमी व्हायला लागतो आणि स्टिअरिंग हलके वाटते. पुढची चाके अजून रस्ता धरून असतात, पण आता फार मागू नका असा निरोप त्यांनी हातापर्यंत पोहोचवलेला असतो. पतंग डोळ्यांआड गेला तरी वर वारा कसा आहे हे मांज्याच्या ताणावरून बोटांना समजते, तसेच हे आहे. ज्या गाडीत हा निरोप लवकर, स्पष्ट आणि टप्प्याटप्प्याने मिळतो ती गाडी बोलकी. जिच्यात तो उशिरा मिळतो किंवा मिळतच नाही ती मुकी, मग तिच्या इंजिनाची ताकद कितीही असो.

जुने ते सगळे बोलके, असा एक समज गाडीवेड्या मंडळींत पक्का रुजलेला आहे आणि तो मला मान्य नाही. मी गाडी शिकलो ती अण्णांच्या प्रीमियर पद्मिनीवर. सोलापूरकराला या गाडीविषयी एक जवळीक वाटणे साहजिक आहे, कारण 1944 साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरातच झाला होता, आणि त्यांच्या नावाच्या कॉलेजवरून आम्ही रोज जात-येत होतो. मूळ फियाट 1100वर बेतलेली ती गाडी 1089 सीसीच्या इंजिनाची, मागच्या चाकांना ताकद देणारी आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असलेली होती. तिच्यावर माझे प्रेम होते आणि आजही आहे. परंतु तिच्या स्टिअरिंगमधले वर्म-रोलर पद्धतीचे दाते रस्त्याकडून येणारा निरोप मधेच बराचसा गिळून टाकत, आणि गाडीचे वय झाल्यावर त्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, वाढला की स्टिअरिंग थोडे फिरवूनही पुढे काही घडत नसे. ती बोलायची ती शरीराने: वळणावर झुकायची, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसायची, आणि त्या झुकण्याच्या प्रमाणावरून वेगाचा अंदाज घ्यावा लागे. अशोक चौकातल्या ज्या गॅरेजमध्ये ती जायची तिथले वयस्कर मेस्त्री मला सांगत, "स्टिअरिंग आवळून धरू नकोस रे, सैल धर. आवळलं की गाडी काय म्हणते ते कळायचं नाही." ही शिकवण पद्मिनीपेक्षा पुढच्या गाड्यांनी मला अधिक पटवून दिली.

1983च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800ने आणि दहा वर्षांनी आलेल्या झेनने जे केले, त्याची दाद स्पोर्ट्स कारवर लिहिणारे लोक देत नाहीत. या गाड्यांत रॅक-पिनियन पद्धतीचे, म्हणजे दातेरी पट्टीवर फिरणाऱ्या लहान चक्राचे, थेट स्टिअरिंग होते, पॉवर स्टिअरिंग नव्हते, चाके लहान, टायर अरुंद आणि वजन अत्यंत कमी. 796 सीसीचे इंजिन काय पिकअप देणार, असे म्हणणाऱ्यांनी ती गाडी विजापूर रोडवरून गावाबाहेर पडल्यावर ताशी साठच्या वेगाने एखाद्या वळणात नेलेली नसते. एवढ्या वेगालाच ती पूर्ण जागी व्हायची, चारही टायर काय करत आहेत ते तळहाताला आणि बुडाखालच्या सीटला सांगू लागायची, आणि चालवणारा माणूस कायद्याची मर्यादा न ओलांडता गाडीच्या मर्यादेशी ओळख करून घेऊ शकायचा. झेनचे अ‍ॅल्युमिनियमचे 993 सीसीचे इंजिन याहून खुशीने फिरायचे. युरोपात ज्या गुणांसाठी 1996च्या लोटस एलिसची वाखाणणी झाली, म्हणजे सुमारे सव्वासातशे किलो वजन आणि मदतीविना फिरणारे स्टिअरिंग, त्यांतले हलकेपण आणि थेटपण आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांच्या अंगणात उभे होते.

मग माझ्याकडे आली ती 2001 साली बाजारात उतरलेली फियाट पालिओची 1.6 लिटरची आवृत्ती. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात पद्मिनी तयार होत असे, तिथूनच ही गाडीही आली. शंभर अश्वशक्तीचे ते इंजिन टर्बोविना, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याविना, होते. एक्सिलरेटरवर पाय जितका दाबावा तितकीच आणि त्याच क्षणी ताकद मिळे. पण माझ्या दृष्टीने तिचा मोठेपणा हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये आहे. या पद्धतीत इंजिनावर चालणारा पंप तेलाचा दाब देतो आणि तो दाब चाक फिरवायला मदत करतो, मात्र स्टिअरिंग आणि रस्ता यांतला यांत्रिक दुवा जवळजवळ जसाच्या तसा जाणवत राहतो, त्यामुळे टायरकडून परत येणारा जोर पातळ होऊन का होईना, पण खरा पोहोचतो. ही गाडी मी अजून विकलेली नाही. तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव मागे टाकून तामलवाडीकडे निघाले की जुन्या रस्त्याच्या आठवणी सांगणारे काही तुकडे लागतात, तिथे तिचे स्टिअरिंग हातात किंचित चुळबुळ करते. काळ्या मातीवरून गेलेल्या आपल्याकडच्या रस्त्यांचा हा स्वभावच आहे. पावसाळ्यात ती माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरून सपाट दिसणाऱ्या डांबरात लांबट लाटा तयार होतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या लाटा पालिओ मला मोजून देते.

पोर्शेच्या पिढ्यांची तुलना मला प्रत्यक्ष करता आली ती दोन वेगळ्या योगांमुळे. माझी पुतणी स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो असताना जुन्या गाड्या भाड्याने देणाऱ्या एका ठिकाणाहून आम्ही 1980च्या दशकातली 911 कॅरेरा 3.2 घेतली आणि ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून बाडेन-बाडेनकडे जाणाऱ्या बी 500 या रस्त्यावर गेलो. 231 अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. पेडल जमिनीतून वर आलेली. समोर पाच गोल घड्याळे आणि त्यांच्या मध्यभागी वेगाचे नव्हे, तर इंजिनाच्या फेऱ्यांचे मोठे घड्याळ. 911ला पॉवर स्टिअरिंग मिळाले ते 1989च्या 964 या पिढीत, त्यामुळे या गाडीत हात आणि चाक यांच्यामध्ये कोणीही मध्यस्थ नव्हता. इंजिन मागे असल्याने पुढची बाजू हलकी राहते आणि स्टिअरिंग सतत बारीक हालचाल करत असते. सुरुवातीला मी ती थोपवायला पाहत होतो, मग अशोक चौकातल्या मेस्त्रींची शिकवण आठवली आणि पकड सैल केली. त्यानंतर ती गाडी जे सांगू लागली त्याने मी अक्षरशः हरखून गेलो. ओल्या पानांचा एक पट्टा आला तेव्हा स्टिअरिंग हलके झालेले मला डोळ्यांआधी बोटांतून कळले. वेग साठ-सत्तरच्या आसपास होता.

या गाडीच्या स्वभावात धोकाही आहे. वळणात मधेच एक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि मागचे जड इंजिन बाहेर झुकू लागते. पोर्शेच्या अभियंत्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होते. 1969च्या मॉडेलसाठी त्यांनी पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर 57 मिलिमीटरने वाढवले ते याचसाठी. 1975ची पहिली 911 टर्बो तर याबाबत आणखी कठीण होती, कारण टर्बोचा दाब तयार व्हायला वेळ लागे आणि मग 260 अश्वशक्ती एकदम, बहुतेकदा नको त्या जागी, हजर होई. बोलकेपणाचे गुणगान करताना हे विसरून चालणार नाही. जुन्या गाडीने दिलेला निरोप वेळेवर ऐकला नाही तर त्या गाडीत तुम्हाला वाचवणारे फारसे काही नव्हते, ना एबीएस, ना इलेक्ट्रॉनिक स्थैर्य यंत्रणा, ना एअरबॅग. आणि माझ्या घरातल्या माणसांना रात्रीच्या वेळी पुण्याला पाठवायचे असेल तर मी नवीच गाडी देईन.

दुसरा योग सोलापुरातच आला. माझा एक शाळेतला मित्र, आता पुण्यात स्थिरावलेला, त्याची 992 या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या अलीकडच्या पिढीतली 911 कॅरेरा एस घेऊन गावी आला होता. तीन लिटरचे दोन टर्बोंचे इंजिन, 450 अश्वशक्ती, आठ गिअरचा पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा स्वयंचलित, गिअरबॉक्स आणि शंभरचा वेग चार सेकंदांच्या आत. पहाटे आम्ही तुळजापूर रस्त्याला लागलो. "दाब की बे, घाबरतोय काय," असे तो शेजारी बसून म्हणत होता आणि रिकामा सरळ पट्टा मिळाल्यावर मी दाबलेही. पाठ सीटमध्ये रुतली, आणि पुढचा विचार मनात येण्याआधी शंभरचा आकडा समोर आला. आपल्याकडे चौपदरी महामार्गावर मोटारीला असलेली मर्यादाही तेवढीच आहे. त्या मर्यादेवर ही गाडी काय करत होती? काहीही नाही. तिच्या दृष्टीने तो वेग उभे राहण्यासारखाच होता. 1964च्या 911चे टायर 165 मिलिमीटर रुंद होते. या गाडीचे पुढचे 245 आणि मागचे 305 मिलिमीटर रुंद आहेत, तेही 20 आणि 21 इंची रिमवर ताणून बसवलेले, त्यांच्या बाजूची भिंत इतकी बुटकी की पिळायला रबरच फारसे शिल्लक नाही. तुळजापूरजवळच्या घाटातली वळणे तिने अशी घेतली, की रस्त्यात वळणे आहेत ही माहिती मला मुख्यतः डोळ्यांनीच मिळाली.

स्टिअरिंगमध्ये दोष होता असे मात्र मुळीच नाही. ते अचूक होते, वजनदार होते, केसभर फिरवले तरी गाडीचे नाक तितकेच वळत होते. 2011 साली आलेल्या 991 पिढीपासून 911मध्ये हायड्रॉलिकच्या जागी विजेच्या मोटरचे पॉवर स्टिअरिंग आले. सतत फिरणारा पंप गेल्यामुळे इंधन वाचते, आणि गाडी स्वतः लेन सांभाळते किंवा पार्किंग करते ती याच मोटरमुळे. या व्यवस्थेत यांत्रिक दुवा कायम असतो, पण मदत किती द्यायची आणि रस्त्याकडून आलेले कोणते कंप हातापर्यंत जाऊ द्यायचे हे सॉफ्टवेअर ठरवते. खड्ड्याचा हादरा नको म्हणून तो गाळला जातो, आणि ज्याला मी निरोप म्हणतो त्यातला काही भागही त्याबरोबर गळून जातो.

याच गाडीतली एक व्यवस्था मला या साऱ्या स्थित्यंतराचे सर्वात नेमके उदाहरण वाटते. 992च्या पुढच्या चाकांच्या वर ध्वनी टिपणारे सेन्सर बसवलेले आहेत. रस्ता ओला असला की टायरने उडवलेल्या पाण्याचा आवाज ते ओळखतात आणि समोरच्या पडद्यावर चालकाला वेट मोड, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीची जपून चालणारी मांडणी, निवडण्याची सूचना येते. ब्लॅक फॉरेस्टमध्ये जे माझ्या बोटांनी ऐकले, ते इथे गाडीने स्वतःच ऐकले आणि मला लिहून कळवले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे उत्तम आहे, कारण गाडीचे कान थकत नाहीत आणि त्यांचे लक्ष फोनकडे जात नाही. मला खंत आहे ती एवढीच, की ज्या संवादात मी पूर्वी सहभागी होतो तो आता गाडी आणि रस्ता यांच्यात परस्पर होतो.

गिअरबॉक्सविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याबाबत निर्माते स्वतःच मागे वळले आहेत. 2013ची 911 जीटी3, म्हणजे 911ची शर्यतीच्या ट्रॅकसाठी घडवलेली आवृत्ती, केवळ पीडीकेसह आली. ती मॅन्युअलपेक्षा वेगवान होती यात वाद नव्हता. तरीही मागणी इतकी राहिली की 2017च्या सुधारित जीटी3मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स पुन्हा देण्यात आला. मुद्दाम कमी वेगवान गाडी मागणारे हे ग्राहक भावुक नव्हते. त्यांना काय हवे ते नीट ठाऊक होते. इंजिनाच्या आवाजाबाबत मात्र अशी माघार दिसत नाही. टर्बो आवाज दाबतो, केबिनचे काच-रबर उरलेला अडवतात, आणि मग काही गाड्यांत तो स्पीकरमधून पुरवला जातो. मला ते आवडत नाही, एवढेच म्हणतो.

माझी रोजची गाडीही आता टर्बोचीच आहे: एक लिटर, तीन सिलिंडर, 120 अश्वशक्ती. ती पालिओपेक्षा वेगवान आहे, थांबतेही लवकर, आणि उन्हाळ्यात पारा 43 अंशांवर गेला असताना होटगी रोडच्या सिग्नलवर तिचा एसी जी शांतता देतो ती पालिओला जमत नाही. पण पालिओ जे पन्नासला सांगते ते ती ऐंशीला सांगते, आणि 992 ते मला सोलापूर जिल्ह्यात कुठेच सांगणार नाही. गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर ज्या रस्त्यावर असतात, कोजागरीला जो तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांसाठी वाहनांना बंद केला जातो, त्या रस्त्यांवर तिची मर्यादा शोधण्याचा विचारही करू नये. रस्तेही बदलले आहेत. 2021च्या फेब्रुवारीत सोलापूर–विजयपूर महामार्गाच्या चौपदरीकरणात 25.54 किलोमीटर लांबीची एक लेन अठरा तासांत डांबरी करण्यात आली, आणि तो रस्ता आज इतका सलग आहे की जुनी गाडीसुद्धा त्यावर बरीच गप्प बसते.

हा सगळा प्रवास एकाच दिशेने अटळ आहे असे मी मानत नाही, आणि त्याचे कारण 2012ची टोयोटा जीटी86 आहे. दोन लिटरचे टर्बोविना इंजिन, 200 अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद. आणि तिच्यावर मुद्दाम बसवलेले टायर कोणते, तर प्रियस या काटकसरी हायब्रीड गाडीला दिले जाणारे, 215 मिलिमीटरचे. आकड्यांच्या शर्यतीत हे खुळेपणाचे वाटेल, पण त्या अभियंत्यांनी गाडीची पकड जाणूनबुजून कमी ठेवली, म्हणजे ती कमी वेगाला आणि हळूहळू सुटू लागेल व सामान्य चालकालाही तिचे म्हणणे ऐकू येईल. मी ती गाडी चालवलेली नाही, पण तिच्यामागचा विचार माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. विजेच्या गाड्यांनाही तो विचार लागू पडतो. त्यांची ताकद पायाखाली तत्काळ असते, बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली असतो आणि एक्सिलरेटर सोडताच मोटरचा रोध मागे खेचतो, त्यामुळे एकाच पेडलवर वजन पुढे-मागे खेळवता येते. हे संवादाचे नवे साधन आहे. अडचण वजनाची आहे, आणि ते वजन सावरण्यासाठी दिलेल्या रुंद टायरांची.

म्हणूनच पालिओचे टायर बदलायची वेळ आली तेव्हा दुकानदाराने सुचवलेले एक इंच मोठे रिम आणि रुंद, बुटक्या भिंतीचे टायर मी घेतले नाहीत. गाडी अधिक देखणी दिसेल, रस्ता अधिक धरेल, असे तो म्हणत होता आणि दोन्ही खरे होते. सात रस्ता चौकाच्या आसपास संध्याकाळी दिसणाऱ्या निम्म्या तरुणांच्या गाड्यांवर तसेच टायर असतात. परंतु त्या टायरांनी तिची पकड जेवढी वाढेल तेवढा तिचा बोलण्याचा वेगही वर सरकेल, आणि तो पन्नासवरून सत्तरवर गेला तर तामलवाडीच्या पुढची जी वळणे आज मला पुरतात ती उद्या पुरणार नाहीत. कंपनीने मूळ दिलेल्या मापाचे टायर दुकानात नव्हते. ते पुण्याहून मागवावे लागले, आणि आल्यावर अलाइनमेंट करून गाडी मी थेट त्याच रस्त्याला घेऊन गेलो.